सव्वादोन खणांची कसर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवीनं गणितावर बोलावं हे जरा विचित्र वाटेल. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन, आणि दहावीच्या गणिताच्या पेपरातून कसाबसा सुटलो. त्यानंतर किराणा दुकानातली बिलं सोडली तर आकड्यांशी माझा संबंध उरला नव्हता. तो पुन्हा जुळला माझ्या भाचीमुळे. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी आठवीत होती. दिवाळीच्या सुटीत आमच्याकडे आली ती बीजगणिताची वही घेऊनच.

वहीत एका उदाहरणावर लाल शाईची मोठी फुली होती. वर लिहिलं होतं क्ष अधिक तीन, मधे रेघ, खाली क्ष. बाईसाहेबांनी वरच्या क्षला आणि खालच्या क्षला काट मारली होती आणि उत्तर लिहिलं होतं, तीन. मला काही वावगं दिसलं नाही. वर क्ष, खाली क्ष, उडवले. मी म्हणालो, "बरोबर तर आहे." ती म्हणाली, "नाही मामू. बाई म्हणतात, गुणाकारातलं कापायचं, बेरजेतलं कापायचं नाही." मी विचारलं, "का?" तिला ते सांगता येईना. मलाही येईना.

आम्ही क्षच्या जागी सहा ठेवून पाहिलं. सहा अधिक तीन म्हणजे नऊ, खाली सहा. नऊ भागिले सहा म्हणजे दीड. आणि सहाला सहानं काट मारली तर उरतात तीन. दिडाचे तीन झाले. एक काट मारली आणि वस्तूची किंमतच बदलली. मग आम्ही तीन हा आकडा धरला. तो सहामध्ये आहे, तिनामध्ये आहे आणि खालच्या सहामध्येही आहे. तिघांनाही तिनानं भागलं. वर दोन अधिक एक, खाली दोन. तीन भागिले दोन, दीड. आता किंमत कायम राहिली.

त्या संध्याकाळपासून या काट मारण्याच्या इतिहासाचा मला नाद लागला. आज त्याबद्दलच बोलणार आहे. शेवटी आमच्या घरातली एक गोष्टही सांगेन, कारण ती सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही.

आपल्या मराठीला अपूर्णांकांचं भय कधीच नव्हतं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, आणि साडेतीनाला औट. माझे अब्बा लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायचे. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी तोंडपाठ होत्या आणि त्यांनी त्या आम्हा पाचही भावंडांकडून म्हणून घेतल्या. एक पाऊण, पाऊण. दोन पाऊण, दीड. तीन पाऊण, सव्वादोन. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा आठ आण्यांना कोणी सोळाव्या भागाचे आठ म्हणत नसे, अर्धा रुपया म्हणे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, तरी चार आणे आणि आठ आणे पुढे कितीतरी वर्षं आपल्या तोंडात राहिले. अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्यायचं म्हणजे एवढंच. वस्तू तीच, किंमत तीच, फक्त सांगायला शब्द कमी.

हे सुचायला माणसाला फार काळ लागला. इजिप्तमध्ये आहमोस नावाच्या लेखनिकानं इसवी सनापूर्वी १५५०च्या सुमारास एक जुनं गणिताचं पुस्तक नकलून काढलं. तो पपायरस १८५८ साली ऱ्हाइंड नावाच्या गृहस्थानं विकत घेतला आणि आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात सुरुवातीलाच भाकरी वाटण्याची उदाहरणं आहेत. सहा भाकरी, दहा माणसं. आपण म्हणू, सहा दशांश, म्हणजे तीन पंचमांश. आहमोस तसं म्हणत नाही. तो सांगतो, प्रत्येकाला अर्धी भाकरी आणि वर एक दशांश. दोन तृतीयांशासारखा एखादा अपवाद सोडला तर इजिप्तचे लोक अंशाच्या जागी एकच लिहीत. आपल्याला ही पद्धत अवघड वाटते, पण तिचा एक गुण पाहा. दहाही माणसांच्या हातात सारखेच तुकडे येतात. वाटणी झाली की कोणाला हिशेब विचारावा लागत नाही, डोळ्यांना दिसतं.

संक्षेपाचा सरळ नियम सापडतो तो चीनमध्ये. 'गणितकलेचे नऊ अध्याय' नावाचा त्यांचा एक प्राचीन ग्रंथ आहे. त्यावर लिउ हुई या गणितज्ञानं २६३ साली भाष्य लिहिलं. पहिला अध्याय शेतांच्या मोजणीचा आहे आणि त्यातच हा नियम येतो. अंश आणि छेद दोन्ही निम्मे होत असतील तर करा. होत नसतील तर मोठ्यातून लहान वजा करत जा, दोन्ही सारखे होईपर्यंत. मग त्या संख्येनं दोघांना भागा. उदाहरण दिलं आहे ४९/९१ चं. ९१ मधून ४९ गेले, उरले ४२. ४९ मधून ४२ गेले, उरले ७. आता ४२ मधून सात सात काढत गेलं की शेवटी इकडे सात आणि तिकडेही सात. सातानं भागलं, ४९ चे सात आणि ९१ चे तेरा. उत्तर ७/१३. ग्रीसच्या युक्लिडनं इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास आपल्या ग्रंथाच्या सातव्या खंडात हीच वजाबाकीची रीत दिली आहे. शाळेत आपण ज्याला मसावि म्हणतो, तो हाच.

आता आपल्या खानदेशात येऊ. चाळीसगावजवळ डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. पाटणादेवीला आपल्यापैकी अनेकजण गेले असतील. तिथला एक शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याला १२०७ साली दान दिलं गेलं, त्याची ही नोंद. लेखाचा शेवटचा भाग चक्क मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या करातला वाटा मठाला दिल्याचं त्यात लिहिलं आहे. म्हणजे गणिताच्या त्या शाळेचा खर्चही एका हिश्शावरच चालायचा.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि 'लीलावती' ११५० ची. अपूर्णांकाला ते भिन्न म्हणतात, म्हणजे फुटलेलं. वर अंश, खाली छेद, आणि मधे रेघ नाही. ती आडवी रेघ उत्तर आफ्रिकेतल्या अरबी गणितज्ञांनी बाराव्या शतकात आणली आणि पिसाच्या फिबोनाचीनं १२०२ च्या आपल्या पुस्तकातून ती युरोपला दाखवली. सामाईक संख्येनं भागून लहान करण्याला भास्कराचार्यांचा शब्द आहे अपवर्तन. आणि माझ्या भाचीला जे सांगता आलं नव्हतं, ते मला त्यांच्या कुट्टक प्रकरणाच्या आरंभी मिळालं.

कुट्टकाचा प्रश्न असा असतो. एका संख्येला ठरावीक आकड्यानं गुणा, त्यात दुसरा आकडा मिळवा, आणि आलेल्या बेरजेला तिसऱ्या आकड्यानं नि:शेष भाग गेला पाहिजे. तर ती संख्या कोणती? गुणायचा आकडा म्हणजे भाज्य, मिळवायचा म्हणजे क्षेप, भागायचा म्हणजे हार. भास्कराचार्य सांगतात, आधी या तिघांचं अपवर्तन करून घ्या. मात्र ज्या संख्येनं भाज्याला आणि हाराला भाग जातो, तिनं क्षेपालाही गेला पाहिजे. जात नसेल, तर तो प्रश्नच दुष्ट समजावा. एक सोपं उदाहरण घेऊ. एका संख्येला चारानं गुणून तीन मिळवले तर सहानं भाग जाईल का? चार आणि सहा दोघांनाही दोननं भाग जातो, तिनाला जात नाही. जन्मभर शोधा, अशी संख्या मिळणार नाही.

कुट्टक वेगळा आणि भाचीचं उदाहरण वेगळं, हे खरं. पण शिस्त एकच आहे. काट मारायची तर ती बेरजेतल्या प्रत्येकाला लागू पडली पाहिजे. एकाला गाठून उडवायचं आणि बाकीचे तसेच ठेवायचे, हे चालत नाही. भाचीच्या क्ष बाबतही तेच. अज्ञात राशींना भास्कराचार्य रंगांची नावं देतात, कालक, नीलक, पीतक. कवी म्हणून मला ते फार आवडलं. पुढे १५९१ साली फ्रान्सच्या व्हिएतनं अक्षरं वापरून बीजगणित मांडलं. पण रंग असो की अक्षर, नियम बदलला नाही.

भास्कराचार्यांच्या आधी सुमारे सव्वातीनशे वर्षं, बगदादमध्ये बीजगणिताला त्याचं आजचं जगभर चालणारं नाव मिळालं. खलिफा अल-मामून ८१३ ते ८३३ या काळात गादीवर होता. त्याच्या आश्रयानं मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यानं अल-जब्र आणि अल-मुकाबला यांवर पुस्तक लिहिलं. अल्जेब्रा हा शब्द तिथून आला. आपल्याकडच्या दशमान अंकांवर पुस्तक लिहिणारा तो हाच. जब्र म्हणजे मोडलेलं पुन्हा बसवणं. स्पेनमध्ये हाडं बसवणाऱ्यालाही अल्जेब्रिस्ता म्हणत. आणि अपूर्णांकाला अरबी शब्द आहे कस्र, म्हणजे मोड, तूट. आपण मराठीत 'एवढी एकच कसर राहिली' म्हणतो, ती कसर हीच. संस्कृतात भिन्न, अरबीत कस्र. दोन्ही भाषांना अपूर्णांक फुटलेलाच दिसला.

हे पुस्तक मिळवलं तेव्हा मला वाटलं होतं की त्यात सगळी समीकरणं असतील. प्रत्यक्षात त्याचा सर्वांत मोठा भाग आहे मृत्युपत्रं आणि वारसांच्या वाटण्यांचा. एक उदाहरण सांगतो. एक बाई वारली. मागे नवरा, एक मुलगा, तीन मुली. आणि एका परक्या माणसाला तिनं आपल्या मालमत्तेचा एक अष्टमांश अधिक एक सप्तमांश लिहून ठेवला आहे. वारसांचा हिशेब सरळ आहे. नवऱ्याला पाव. उरलेल्या पाऊण भागात मुलाचे दोन वाटे आणि प्रत्येक मुलीचा एक. एकूण वीस हिस्से धरले तर नवऱ्याला पाच, मुलाला सहा, मुलींना तीन तीन. परक्याचा वाटा १५/५६. तो आधी काढून उरलेलं या विसात वाटायचं. सगळं पूर्णांकात बसवायला मालमत्तेचे १,१२० हिस्से करावे लागतात. परक्याला ३००, नवऱ्याला २०५, मुलाला २४६, प्रत्येक मुलीला १२३.

मी हे आकडे लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मांडले आणि लहान करायला बसलो. २०५, २४६, १२३, घरच्या सगळ्यांना ४१ नं भाग जातो. पुन्हा पाच, सहा, तीन, तीन, तीन. मोह होतो. पण परक्याच्या ३०० ला ४१ नं भाग जात नाही. त्यामुळे १,१२० चा आकडा लहान होत नाही. तो लहान करायचा असेल तर त्या माणसाला विसरावं लागेल. ख्वारिज्मी त्याला विसरत नाही. आकडा मोठा झाला तरी चालेल, पण हक्काचा माणूस गळता कामा नये. त्या साऱ्या प्रकरणाचा मला कळलेला अर्थ हा. पुढे ११४५ साली चेस्टरच्या रॉबर्टनं स्पेनमध्ये या पुस्तकाचं लॅटिन भाषांतर केलं, तेव्हा वारसांचा भाग त्यात घेतलाच नाही. युरोपनं अल्जेब्रा घेतला. वाटण्या मागेच राहिल्या.

युरोपचं सोडा. मी माझं सांगतो.

आमचे अब्बा १९९८ साली गेले. मागे अम्मा, आम्ही दोघे भाऊ आणि तीन बहिणी. गावात सहा खणांचं घर. आमच्या कायद्याप्रमाणे मुलंबाळं असतील तर विधवेला आठवा हिस्सा. उरले सात अष्टमांश. त्यात भावाचे दोन वाटे, बहिणीचा एक. दोन भावांचे चार आणि तीन बहिणींचे तीन, मिळून सात. सात अष्टमांशाचे सात वाटे, सातानं सात गेले, प्रत्येक वाट्याला एक अष्टमांश. सहा खणांचा आठवा भाग पाऊण खण. अम्माचा पाऊण, प्रत्येक बहिणीचा पाऊण, आम्हा भावांचा दीड दीड. अब्बांच्या पाऊणकीतलं गणित. यासाठी बगदादला जाण्याचीही गरज नव्हती.

पण हे गणित तेव्हा कोणी मांडलंच नाही. नात्यातली वडीलधारी मंडळी म्हणाली, पोरी आपापल्या घरी सुखात आहेत, सह्या घेऊन टाका, पुढे कटकट नको. स्टॅम्पपेपर आला. मोठ्या आपानं न वाचता सही केली. मधलीनं फक्त विचारलं, "कुठं करू?" धाकटीनं सही केली आणि हसत म्हणाली, "भाई, माझं पाऊण गेलं म्हणायचं." मीही हसलो. तिघींना साड्या घेतल्या. अम्मा चुलीपुढे होती, ती काही बोलली नाही.

हे फक्त आमच्याकडे होतं असं नाही. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली देशानं हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला. तरी हक्कसोड पत्रावर सह्या करणाऱ्या बहिणी सगळ्याच धर्मांत दिसतात. आमच्यात बहिणीला भावाच्या निम्मं का, हा वादही आहे आणि तो व्हायला हवा. पण आम्ही भावांनी ते निम्मंसुद्धा ठेवलं नव्हतं. तीन पाऊण, सव्वादोन. सव्वादोन खणांवर काट मारून आम्ही घराचं संक्षिप्त रूप केलं, आणि त्याला नाव दिलं समंजसपणा.

अम्मा २०१६ साली गेली. घर बंद पडलं. भाचीची ती दिवाळी त्यानंतरची. 'बेरजेतलं कापायचं नाही' हे वाक्य ती सहज बोलून गेली. धाकटीचीच मुलगी. पुढे ख्वारिज्मीचं पुस्तक वाचताना ते परत परत ऐकू येऊ लागलं. एक दिवस ट्रंकेतला तो कागद काढून पाहिला. कडेनं कसर लागली होती, सह्या मात्र शाबूत होत्या.

मग मी राहिलेला हिशेब मांडला. अम्माचा आठवा हिस्सा आता पुन्हा सात वाट्यांत जाणार, म्हणजे एकेक छप्पन्नांश. बहिणीचा मूळचा एक अष्टमांश म्हणजे ७/५६. त्यात १/५६ मिळवला, झाले ८/५६. आठानं भागलं, एक सप्तमांश. भावांचे दोन दोन सप्तमांश. आधी भीती वाटावी असा छेद आला होता, आणि योग्य काट मारल्यावर किती साधा झाला. भाऊ दोन महिने गप्प होता. त्याचं म्हणणं, कायद्यानं आता आपण काही देणं लागत नाही. ते बरोबरच होतं. एका रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "सातच कर."

गेल्या वर्षी घर विकलं. पैशाचे सात वाटे केले. दोन, दोन, एक, एक, एक. मधल्या पंचवीस वर्षांचं काय, याचा हिशेब मला अजून जमलेला नाही. तो कोणत्या आकड्यानं भागायचा, हे ना भास्कराचार्य सांगत, ना ख्वारिज्मी.

पैसे पोचल्यावर धाकटीचा फोन आला. अब्बांची पाऊणकी तिला माझ्यापेक्षा चांगली येते. सहा खणांचा सातवा भाग पाऊणपेक्षा थोडा जास्त होतो, हे तिनं मनातल्या मनात केलं होतं. म्हणाली, "भाई, तुझं चुकलं. माझं पाऊण होतं, हे जास्त आलंय."

मी म्हणालो, "त्यात अम्माचंही आहे."